सनदेनंतरचें बोर्डिंग

(गांवच्या दोन नव्या वकिलांच्या सत्कारासाठीं शाळेच्या पटांगणांत भरलेल्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज आपल्या गांवांत आनंदाचा दिवस आहे. धनगराच्या घरचा मुलगा आणि सुताराच्या घरची मुलगी, अशीं दोन लेंकरें वकिलीची सनद घेऊन गांवीं आलीं आहेत. तुम्हीं त्यांना हार घातले, नारळ दिले, हलगी वाजवीत वेशीपासून येथवर आणलें. हें योग्यच झालें. ह्या दोघांनाही आम्हीं ह्याच शाळेंत हाताला धरून बाराखडी गिरवावयास लाविली. तेव्हां आमचा ऊर भरून आला आहे हें निराळें सांगावयास नको. परंतु आम्ही नुसती शाबासकी देण्यास उभे राहिलों नाहीं. आम्हांस एक प्रश्न विचारावयाचा आहे. आजचे हार उद्यां सकाळीं सुकतील. उद्यां सकाळीं हीं मुलें तालुक्याच्या कोर्टास जाण्यासाठीं एस.टी.त बसतील, तेव्हां त्यांच्या भाड्याचे पैसे कोठून येणार?

कोणी म्हणेल, "मास्तर, वकिलाला पैशाचा काय तोटा?" काळा कोट म्हणजे पैसा, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती किती खोटी आहे, हें आपल्याच गांवच्या एका गोष्टीवरून सांगतों.

सहा वर्षांपूर्वीं ह्याच पटांगणांत आपण असाच एक हार कुंभारआळींतल्या एका मुलाच्या गळ्यांत घातला होता. बापानें वीटभट्टीवर राबून आणि आईनें कानांतलें मोडून त्याला पांच वर्षें कायदा शिकविला. त्या दिवशींही भाषण आम्हींच केलें होतें. "गांवाचें नांव काढ" असें त्याला सांगितलें, आणि घरीं जाऊन जेवून निजलों. पुढें काय झालें? तो तालुक्याच्या एका वकिलांकडे उमेदवारीस राहिला. तारखा टिपून घेणें, नकला आणणें, पिशव्या उचलणें, असें काम त्याला पुष्कळ मिळालें. वेतन मात्र मिळालें नाहीं. "आधीं शीक, मग पैसा" असें उत्तर मिळालें. जाण्यायेण्याचें भाडें, दुपारचा घास, कोट, पुस्तकें हा सगळा खर्च बापाच्या भट्टींतून निघत होता. वर्षानें धाकट्या बहिणीचें लग्न निघालें. बाप म्हणाला, "वकील होऊन वरीस झालं, घरात एक रुपाया नाय आला." त्या रात्रीं तो आमच्या घरीं आला आणि मान खालीं घालून दोन हजार रुपये मागूं लागला. आम्हीं दिले, आणि आपण मोठें काम केलें असें आम्हांस वाटलें. पण प्रश्न दोन हजार रुपयांचा नव्हता, तीन वर्षांचा होता. दुसरें वर्ष सरलें तेव्हां त्यानें सनद बंद ठेवून एका गोदामांत नोकरी धरली. ती नोकरी प्रामाणिक आहे. तींत कमीपणा नाहीं. कमीपणा आपला आहे. ज्या हातांनीं हार घातला त्यांतला एकही हात पुन्हा त्याच्या दारीं जाऊन "कसें चाललें आहे?" असें विचारावयास गेला नाहीं, आणि त्यांत पहिला हात आमचा होता.

त्या मुलाचें नुकसान झालें, तें एकट्या त्याचें नाहीं. तो गांव सोडून गेला त्याच वर्षीं आपल्यापैकींच एका बाईच्या घरीं जमिनीच्या दाव्याचें समन्स आलें. नवरा वारलेला, मुलें लहान. कागद बँकेचा असेल असें समजून तिनें तो देवाच्या तसबिरीमागें ठेविला. दिवाणी कायद्याप्रमाणें अशा कागदाचें लेखी उत्तर तीस दिवसांत द्यावें लागतें. कारण दाखविल्यास कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवितें. ती मुदत गेली, तारीख गेली आणि एकतर्फी हुकूमनामा झाला. तो रद्द करून मागण्यासही तीस दिवसच असतात, तेही गेले. उशिराची माफी मागतां येते, पण ती मागण्यासही वकील लागतो! आज ती माउली दुसऱ्याच्या रानांत खुरपावयास जाते. बंधूंनो, स्त्रीला कोर्टाच्या कामीं सरकारी खर्चानें वकील मिळतो, आणि त्यासाठीं तिची मिळकत किती हेंही पाहिलें जात नाहीं. हें तिला सांगणारें कोणी नव्हतें. जो सांगूं शकला असता तो गोदामांत पोतीं मोजीत होता.

हें दुखणें आजचें नव्हे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोख्यांचे कागद जाळले. त्या दंग्यांच्या मागें जीं कारणें होतीं, त्यांत एकतर्फी हुकूमनामे हेंही एक होतें. कुणबी कोर्टांत जात नसे, गेला तर त्याच्या बाजूनें बोलणारें कोणी नसे, आणि सावकाराचा कागद तोच खरा ठरे. सरकारनें पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. कायदा झाला तरी कागद वाचणारा आपला माणूस जवळ नसेल, तर गरिबाला त्याचा उपयोग काय? आज जाळपोळीची गरज नाहीं. कागद वेळेवर वाचण्याची आहे. आणि तो वाचणारीं दोन माणसें आज आपल्या पुढ्यांत बसलीं आहेत.

आतां नव्या वकिलाची अडचण नीट समजून घ्या. डॉक्टर दवाखान्याची पाटी लावतो, दुकानदार जाहिरात करतो. वकिलाला जाहिरात करण्याची किंवा दारोदार जाऊन काम मागण्याची मनाई आहे. सनद चालू असतां त्याला पूर्ण वेळ पगारी नोकरीही करतां येत नाहीं. म्हणजे काम मागावयाचें नाहीं आणि पोटासाठीं दुसरी चाकरीही धरावयाची नाहीं! हे नियम धंद्याची अब्रू राखण्यासाठीं आहेत आणि ते चांगले आहेत. परंतु ज्याच्या बापाची कोर्टाजवळ कचेरी आहे त्याला ते जड जात नाहींत. ज्याचा बाप मेंढरें राखतो त्याचा जीव त्यांत गुदमरतो. मग कोर्टाच्या दारांतला दलाल येतो आणि म्हणतो, "पक्षकार मी आणतो, निम्मी फी माझी." उपाशी माणूस किती दिवस नाहीं म्हणेल? वकिलांच्या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती होऊन अशा दलालांच्या याद्या करून त्यांना कोर्टाच्या आवाराबाहेर ठेवण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला आहे. पण दलालाचें खरें बळ नव्या वकिलाच्या भुकेंत असतें. भूक भागली कीं दलाल आपोआप दुबळा होतो.

सरकारदरबारीं ह्या गोष्टीची अगदींच दाद लागली नाहीं असें नाहीं. कायद्याप्रमाणें सनदेची फी साधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारास १२५ रुपये असतांना ठिकठिकाणच्या बार कौन्सिलें हजारों रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्यांत आहे त्याहून अधिक फी घेतां येणार नाहीं, आणि अशा फीचा भार गरीब व मागासलेल्या उमेदवारांवरच अन्यायानें पडतो. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत भारताच्या बार कौन्सिलानें ज्येष्ठ वकिलांना शिफारस केली कीं, उमेदवार वकिलांना शहरांत महिना २०,००० व खेड्यापाड्यांत १५,००० रुपये निदान तीन वर्षें द्यावे. शिफारस चांगली आहे, पण ती शिफारसच आहे, हुकूम नव्हे. आंध्र प्रदेशांत २०१९ सालीं नव्या वकिलांना पहिलीं तीन वर्षें महिना ५,००० रुपये देण्याची योजना सरकारनें सुरू केली होती. केरळांतही नव्या वकिलांना विद्यावेतन देण्याचे नियम झाले. आपणही आपल्या सरकारकडे मागणी करावी. पण सरकारची वाट पाहत बसलों तर हीं दोन मुलेंही गोदामांत जातील.

आतां इतिहासाचा एक दाखला देतों. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेव्हां, १९२३ सालीं, मुंबईस वकिलीची सनद काढण्यास त्यांच्याजवळ पैसे नव्हते. नवल भथेना नांवाच्या त्यांच्या पारशी स्नेह्यानें पैसे दिले, तेव्हां सनद निघाली. एवढ्या विद्वानाची ही गत, तर मग आपल्या पोरांची काय कथा! आणि त्या सनदेचा उपयोग कोणाला झाला तेंही पाहा. पुढें अवघ्या तीन वर्षांनीं, १९२६ सालीं, 'देशाचे दुश्मन' ह्या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे वगैरे मंडळींवर पुण्यास खटला होऊन खालच्या कोर्टानें त्यांना शिक्षा दिली. अपिलांत बाबासाहेब त्यांच्या बाजूनें उभे राहिले आणि मंडळी सुटली. एका स्नेह्यानें अडल्या वेळीं जो हात दिला, त्याचें फळ असें दुसऱ्याच कोणाच्या पदरांत पडलें. नव्या वकिलास दिलेला पैसा हा असा बियाण्याचा पैसा असतो. तो पेरणाराच्याच कणगींत येईल असें नाहीं, पण शिवारांत उगवल्यावांचून राहत नाहीं.

आपल्या वडील माणसांनीं शिक्षणासाठीं काय केलें तें आठवा. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरास मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग काढलें, आणि पुढें निरनिराळ्या जातींच्या मुलांचीं बोर्डिंगें निघालीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगांतल्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. शाळा होती, तरी बोर्डिंगाशिवाय गरिबाचें पोर शाळेंत टिकत नव्हतें, हें त्या माणसांनीं ओळखलें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आज सनद आहे, पण सनदेनंतरचें बोर्डिंग नाहीं. पहिलीं तीन वर्षें अंगावर घेणारें कोणी नसलें तर गरिबाचें पोर धंद्यांत टिकत नाहीं. तें बोर्डिंग आतां आपण काढावयाचें आहे.

आम्ही गणित शिकवितों, तेव्हां हिशेबच मांडतों. आपल्या गांवांत तीनशें उंबरे आहेत. दर उंबऱ्यानें महिना वीस रुपये दिले तर सहा हजार होतात. दोघांना तीन तीन हजार. त्यांत एस.टी.चें भाडें आणि दुपारचें जेवण निघेल. तीन वर्षांत एका उंबऱ्याचे ७२० रुपये जातील. जत्रेंत आपण ह्याहून अधिक एका रात्रींत उडवितों. ज्याला पैसा देववत नाहीं त्यानें सुगीच्या वेळीं पायलीभर धान्य द्यावें. शेजारच्या दोन गांवांचींही मुलें कायदा शिकत आहेत. तिन्ही गांवांनीं मिळून तालुक्यास कोर्टाजवळ एक खोली भाड्यानें घ्यावी, म्हणजे कोणाची शेवटची गाडी चुकली तर रात्रीं निजावयास आणि कागद लिहावयास जागा होईल. आमच्या ह्या मुलीसाठीं निराळी सोय हवी. संध्याकाळच्या गाडीनें एकटी येणाऱ्या मुलीचा बाप रोज फाट्यावर उभा राहणार नाहीं. राहिला तर त्याचा रंधा बंद पडेल. फाट्यावर तिला घ्यावयास पाळीनें कोणी तरी जावें, आणि गांवच्या कोणीही तिच्या उशिरा येण्याची कुचाळकी करूं नये. ही मदत पैशाइतकीच मोठी आहे.

मात्र एक अट आधींच सांगून ठेवतों. हा पैसा फी नव्हे. वर्गणी दिली म्हणून "माझा दावा फुकट चालव" असें कोणी म्हणूं नये, आणि उद्यां ह्यांच्यापैकीं कोणी तुमच्या विरुद्ध बाजूनें उभें राहिलें तर "माझ्या भाकरीवर वाढला" असेंही म्हणूं नये. वकिलाचें इमान त्याच्या पक्षकाराशीं आणि कोर्टाशीं असतें. तें विकत घ्यावयाचें असेल तर आजच वर्गणी देऊं नका.

आतां ह्या दोघांकडे वळतों. बाळांनो, गांव तुम्हांस देईल, तेव्हां गांवासही तुमच्याकडून कांहीं पाहिजे. दर शनिवारीं संध्याकाळीं दोन तास तुम्ही शाळेच्या ओसरीवर बसा. तालुका विधी सेवा समितीस कळवून आणि तिच्या देखरेखीखालीं बसा, म्हणजे जाहिरात केली असा ठपका येणार नाहीं. तेथें दावा चालवावयाचा नाहीं. नुसता कागद वाचावयाचा. समन्स आलें, नोटीस आली, सात-बाऱ्यावर फेरफार पडला, बँकेचा कागद आला, तर तो वाचून सांगावयाचें कीं हें काय आहे आणि मुदत कधीं संपते. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास पंधराच दिवस असतात. ते हातचे गेले कीं माणूस पुढें वर्षानुवर्षें कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. पंधरा दिवसांत दोन शनिवार तरी येतातच. एवढ्यानें आपल्या गांवचे निम्मे घात टळतील असें आम्हांस वाटतें.

दुसरें, फुकट वकील कोणाला मिळतो हें घरोघर सांगा. राज्यघटनेंत १९७६ सालीं गरिबांस मोफत कायदेशीर मदत देण्याचें कलम आलें. त्यावरून १९८७ सालीं कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आला. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, दुष्काळ-महापुरासारख्या आपत्तींत सांपडलेले, आणि कोठडींत असलेले, ह्या सर्वांना मिळकत न पाहतां मदत मिळते. बाकीच्यांस वार्षिक मिळकतीची मर्यादा आहे. आपल्या राज्यांत ती तीन लाख रुपये ठरली आहे. तालुक्याच्या कोर्टांतच ह्या समितीची कचेरी असते. १५१०० हा फुकट दूरध्वनीचा आंकडा दर घराच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेवा. समितीच्या साध्या यादींत वकील म्हणून नांव घालण्यास तीन वर्षांची वकिली लागते. पण २०२२ सालच्या योजनेनें जिल्ह्याच्या ठिकाणीं गरीब आरोपींसाठीं बचावाचे वकील मानधनावर नेमण्याची व्यवस्था केली, आणि तींतल्या साहाय्यकाच्या जागेसाठीं तीन वर्षांच्या आंतले वकीलही चालतात. बाळांनो, तेथें अर्ज करा. पोटही चालेल आणि गरिबाचा जीवही वांचेल.

तिसरें, बांधाच्या भांडणांत तेल ओतूं नका. जें प्रकरण लोकअदालतींत मिटण्याजोगें असेल तें मिटवा. तेथें तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतें. "दावा जिंकला तर एक एकर तुझें" असें कोणी म्हणाला तर हात जोडा. दाव्याच्या फळांत वांटा घेणें वकिलाच्या नियमांस सोडून आहे. घेतलेल्या पैशाची पावती द्या. आणि पक्षकाराला त्याचा कागद मराठींत, त्याला कळेल असा समजावून सांगा. ज्या भाषेंत तुम्ही आईशीं बोलतां, त्या भाषेंत कायदा सांगतां आला नाहीं, तर तुम्हांलाही तो अजून पुरता कळला नाहीं असें समजा.

तालुक्याच्या ज्येष्ठ वकिलांनाही आमची हात जोडून विनंती आहे. त्यांच्यापैकीं दोघे आज येथें आले आहेत, हा त्यांचा मोठेपणा. साहेब, ह्या पोरांकडून पिशवी उचलून घ्या, त्याला आमची ना नाहीं. सुतारही आधीं पोराला लांकडें उचलावयास लावतो. पण तो त्याला करवतही हातांत देतो, आणि दोन वेळां जेवावयासही घालतो. दावा कसा लिहावा, साक्षीदारास काय विचारावें, कोर्टापुढें कसें उभें राहावें, हें आपण शिकवावें, आणि महिन्याकांठीं कांहीं तरी रक्कम ठरवून द्यावी. थोडी असली तरी चालेल, पण ती ठरलेली असावी. ठरलेल्या पैशावर माणूस घरीं मान वर करून जातो.

आणि आईबापांना एकच सांगणें. जांभळीचें झाड लावून दुसऱ्या वर्षीं जांभळें मागणारा माळी वेडा ठरतो. तीन वर्षें पोराला "किती मिळविलेंस?" असें विचारूं नका. "आज काय शिकलास?" असें विचारा.

आतां बोलणें आटोपतों. ह्या मेजावर एक वही ठेविली आहे. तींत वर्गणीचा पहिला आंकडा आम्हीं आपला घातला आहे. खालीं तीनशें ओळी आंखून ठेविल्या आहेत. हिशेब दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं चावडीवर वाचून दाखविला जाईल. आणि आणखी एक. कुंभारआळींतला तो मुलगा आज सभेस आला आहे. तो मागें निंबाखालीं उभा आहे. आम्हीं त्याला पाहिलें. त्याची सनद बंद आहे, मेलेली नाहीं. नोकरी सोडून बार कौन्सिलाकडे अर्ज केला तर ती पुन्हा चालूं होते. म्हणून आमच्या वहींत दोन नांवें नाहींत, तीन आहेत. सहा हजारांचे तीन भाग केले तर दोन दोन हजार येतात. तेवढे पुरणार नाहींत. तेव्हां ज्यांना वीसांऐवजीं तीस देववतील त्यांनीं तीस लिहावे; तीनशेंही उंबऱ्यांनीं तीस लिहिले तर तिघांनाही तीन तीन हजार येतात. बाबा, आम्हीं तुला सहा वर्षांपूर्वीं नुसता हार घातला, त्याची तूं आम्हांस माफी दे. आणि जमेल तर शनिवारीं ओसरीवर ये. तुझ्या हाताखालीं हीं दोन मुलें आणि तुमच्या तिघांच्या पुढ्यांत गांवचे कागद, एवढें पाहावें अशी आमची इच्छा आहे.